दोन हजारांच्या आतले वायरलेस इअरबड्स: कॉल आणि गाण्यांसाठी घरच्या घरी कसे पारखायचे

स्वस्त इअरबड्स घेताना बहुतेक जण दुकानात एखादं गाणं लावतात, आवाज दणदणीत वाटला की पैसे देतात. तक्रार नंतर सुरू होते, आणि ती गाण्यांबद्दल नसते. फोनवर समोरचा माणूस म्हणतो, ‘‘काय म्हणालात? आवाज तुटतोय.’’ मग बड काढायचा आणि फोन थेट कानाला लावायचा. दोन हजारांच्या आतले बहुतेक बड्स हल्ली गाणी बरी वाजवतात. खरा फरक माइकमध्ये असतो, आणि तो घेणाऱ्याला स्वतःला ऐकूच येत नाही, कारण तो समोरच्याच्या कानात पडतो. दिवसभर फोनवर काम असलेली पुष्कळ माणसं मला माहीत आहेत: विमा एजंट, शिकवण्या घेणाऱ्या बाई, घरून काम करणारी मुलं. त्यांच्यासाठी हा फरक रोजच्या कामाचा आहे. म्हणून इथे कॉलची परीक्षा आधी आणि सविस्तर आहे, गाण्यांची त्यानंतर.

मॉडेलची नावं मुद्दाम देत नाही. या किमतीतली मॉडेल्स काही महिन्यांत बाजारातून जातात, आणि नवं मॉडेल जुन्याच नावापुढे एखादं अक्षर जोडून येतं. पारखायची रीत मात्र तीच राहते. तिला एक मोकळी संध्याकाळ, घरातलं दुसरं माणूस, एक टेबल फॅन आणि कागद-पेन एवढंच लागतं.

पैसे देण्याआधी परतीची अट वाचा

पुढच्या सगळ्या चाचण्या घरी करायच्या आहेत, त्यामुळे वस्तू परत करता येते का, हे पहिल्यांदा बघायला हवं. इअरबड्स कानात घालायची वस्तू असल्यामुळे अनेक ऑनलाइन विक्रेते पैसे परत देत नाहीत, फक्त बदलून देतात, आणि तेही दोष निघाला तरच. ‘आवाज आवडला नाही’ किंवा ‘कानात बसत नाही’ हा त्यांच्या लेखी दोष नसतो. एकच मॉडेल दोन ठिकाणी मिळत असेल आणि एका ठिकाणी पैसे परत मिळण्याची सोय असेल, तर शंभर रुपये जास्त गेले तरी तिथूनच घ्या. खोकं, जादा टिप्स (बडच्या टोकाला लावायच्या मऊ रबरी टोप्या), केबल, बिल सगळं जपून ठेवा.

प्रत्यक्ष दुकानात जाणार असाल, पुण्यातली तपकीर गल्ली असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, तर जीएसटीचं पक्कं बिल मागा आणि डेमो पीस कानात घालून बघा. स्वतःच्या टिप्स सोबत नेल्या तर उत्तम, नाहीतर दुकानातल्या टिप्स पुसून घ्या. खोक्यावर कमाल किरकोळ किंमत, निर्मितीचा महिना आणि वर्ष, उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता आणि ग्राहक सेवेचा क्रमांक छापलेला हवा. भारतीय मानक ब्युरोच्या चिन्हासोबत ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. ‘बीआयएस केअर’ या सरकारी ॲपमध्ये तो टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. फुटपाथवर नामांकित कंपनीसारखे दिसणारे बड्स पाचशे रुपयांत मिळतात. ते घेऊ नका, हे मी आग्रहाने सांगतो. त्यात लिथियमची बॅटरी असते, ती तुमच्या कानात असते, आणि ती कोणी बनवली हे कोणालाच माहीत नसतं.

खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे

सर्वात जास्त गोंधळ एएनसी आणि ईएनसी या दोन शब्दांचा होतो. एएनसी तुमच्या कानासाठी असतं: बाहेरचा घोंघाट तुम्हाला कमी ऐकू यावा म्हणून. ईएनसी माइकसाठी असतं: तुमच्या आजूबाजूचा घोंघाट समोरच्याला कमी ऐकू जावा म्हणून. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘नॉइज कॅन्सलेशन’ छापलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरांत ‘ईएनसी’ असतं. असे बड्स घेतलेल्या माणसाला बसमध्ये इंजिनाचा आवाज पहिल्याइतकाच ऐकू येतो आणि आपल्याला फसवलं असं वाटतं. आपल्याला यातलं काय हवं आहे, हे आधी ठरवा. कॉलसाठी ईएनसी, प्रवासात गाणी ऐकण्यासाठी एएनसी.

बॅटरीचा ‘४० तास’ हा आकडा केससकट, म्हणजे बड्स ठेवायच्या चार्जिंगच्या डबीसकट असतो. बड्स एका चार्जवर ८ तास चालत असतील आणि केस त्यांना ४ वेळा भरत असेल, तर ८ आणि ३२ मिळून ४० होतात. शिवाय ही मोजणी साधारण अर्ध्या आवाजावर, एएनसी बंद ठेवून, गाणी वाजवून केलेली असते. कॉलवर माइक आणि आवाज गाळणारी चिप सतत काम करतात, त्यामुळे कॉलचे तास बरेच कमी भरतात. काही कंपन्या ‘टॉक टाइम’ वेगळा देतात. कामाचा आकडा तोच.

ड्रायव्हर, म्हणजे बडमधला चिमुकला स्पीकर, किती मिलिमीटरचा आहे, यावरून आवाज कसा असेल ते कळत नाही. १३ मिलिमीटरचा ड्रायव्हर पोकळीच्या चुकीच्या रचनेमुळे गढूळ वाजू शकतो आणि १० मिलिमीटरचा स्वच्छ. ब्लूटूथ ५.३ आहे की ५.४, याने गाण्याचा दर्जा बदलत नाही. माइकची संख्याही तशीच. ‘चार माइक’ म्हणजे बहुधा दोन्ही बड्सचे मिळून चार, आणि ते कुठे बसवले आहेत हे संख्येपेक्षा महत्त्वाचं.

पाण्याचा आकडा मात्र बघावा. आयपीएक्स४ म्हणजे कुठूनही उडणारे शिंतोडे आणि घाम सोसेल, आयपीएक्स५ म्हणजे पाण्याची धारही सोसेल. मधल्या ‘एक्स’चा अर्थ धुळीसाठी मानांकन घेतलेलं नाही. आयपी५५ असेल तर धूळ आणि पाणी दोन्ही तपासलेलं आहे. हे सगळं बड्सपुरतं असतं, केसला सहसा लागू नसतं. पावसाळ्यात ओले बड्स तसेच केसमध्ये ठेवले की चार्जिंगच्या पिना गंजतात, आणि पाण्याने झालेलं नुकसान बऱ्याच वॉरंटींत बसत नाही.

आधी कानात नीट बसवा

टिप योग्य नसेल तर पुढची कोणतीही चाचणी खरी ठरत नाही. खोक्यात साधारण तीन मापांच्या टिप्स येतात आणि मधलं माप आधीच लावलेलं असतं. लोक तेच वापरत राहतात. तिन्ही लावून बघा. डावा आणि उजवा कान एकाच मापाचा असेल असंही नाही, दोन्हीकडे वेगळी टिप लावली तर काही बिघडत नाही.

खूण अशी: ढोलकी किंवा डग्गा ठळक असलेलं गाणं लावा आणि बड बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर खालचा घुमारा एकदम वाढला, तर टिप लहान आहे, फटीतून हवा निसटते आहे. ‘यात बेसच नाही’ अशा बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. त्यानंतर शेंगदाणे किंवा पोळीचा तुकडा चावत पाच मिनिटं बोला, मान हलवा, जिना चढा-उतरा. जबडा हलला की बड सरकतो का ते कळेल. मग तासभर कानात राहू द्या. दुखलं, खाजलं, कान गरम झाला तर आवाज कितीही छान असला तरी तो बड तुमच्या कानाचा नाही.

टिप नसलेले, अर्धवट कानात बसणारे बड्सही मिळतात. त्यांच्यात कान कोंडत नाही, घरातली हाक ऐकू येते, लांबलचक कॉलना ते सुखाचे वाटतात. पण बाहेरचा आवाज ते अडवत नाहीत, त्यामुळे बसमध्ये आवाज वाढवत न्यावा लागतो.

कॉलची परीक्षा: अंक वाचा, समोरच्याला लिहू द्या

‘माझा आवाज कसा येतोय?’ असं विचारलं तर घरचं माणूस ‘बरा येतोय’ म्हणतं. त्यात त्याचा दोष नाही. ओळखीच्या आवाजातलं ओळखीचं वाक्य अर्धं ऐकू आलं तरी मेंदू उरलेलं भरून काढतो. म्हणून वाक्यं नकोत, आकडे घ्या. आकड्याला मागचा-पुढचा संदर्भ नसतो, ऐकू आला तरच लिहिता येतो.

मराठी आकडे या कामासाठी फार उपयोगी आहेत. सदतीस आणि अडतीस, सत्तावन्न आणि अठ्ठावन्न, सदुसष्ट आणि अडुसष्ट, सात आणि साठ, बावन्न आणि बासष्ट, पंचवीस आणि पस्तीस. यातल्या कित्येक जोड्यांत फरक ‘स’ नीट पोहोचतो की नाही एवढाच उरतो, आणि फोनच्या साखळीत आधी मरतो तो ‘स’च. जुन्या पद्धतीचा कॉल साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेतो, आणि ‘स’ची बरीचशी ताकद त्याच्या वर असते. व्होल्टीई, म्हणजे ४जी नेटवर्कवरून जाणाऱ्या कॉलवर हा पट्टा साधारण ७००० हर्ट्झपर्यंत जातो, म्हणून तिथे उच्चार जास्त स्वच्छ वाटतात. पण मध्ये बड आला की ब्लूटूथचा स्वतःचा दुवा जोडला जातो. तिथेही दोन पद्धती आहेत: एक जुनी, अरुंद पट्ट्याची, आणि एक रुंद. फोन आणि बड दोघांनाही रुंद पद्धत येत असेल तरच तिचा लाभ मिळतो.

आता प्रत्यक्ष रीत. अशा जोड्यांमधून वीस आकडे कागदावर उलटसुलट क्रमाने लिहा. दुसऱ्या माणसाला शेजारच्या खोलीत, दार लावून, दुसरा फोन घेऊन बसवा. पहिली फेरी बड न लावता, फोन थेट कानाला धरून करा. ही फेरी टाळू नका, कारण तुलना हिच्याशीच करायची आहे. फोनवरही तीन आकडे चुकले तर नेटवर्क खराब आहे, बडला बोल लावायचं कारण नाही. शक्य असेल तर एकदा साधा कॉल आणि एकदा घरच्या वाय-फायवरून व्हॉट्सॲप कॉल, असं दोन्ही करा.

मग बड लावून तेच वीस आकडे, दर वेळी क्रम बदलून, वेगवेगळ्या जागी वाचा. आधी शांत खोलीत. मग छताच्या पंख्याखाली, पंखा पूर्ण वेगावर. मग स्वयंपाकघरात मिक्सर किंवा कुकर चालू असताना. शेवटी गॅलरीत किंवा रस्त्याकडेला, रिक्षा आणि हॉर्नच्या आवाजात. नेहमीच्या आवाजात बोला, ओरडू नका. दर फेरीत किती आकडे चुकले ते लिहून ठेवा. शांत खोलीत एकही चूक व्हायला नको. पंख्याखाली एखादी चालेल. रस्त्यावर वीसपैकी पंधरा-सोळा बरोबर आले तर या किमतीत मी समाधान मानतो. मिक्सरशेजारी सगळेच बड्स कमी-जास्त हार मानतात, तिथला निकाल फार मनावर घेऊ नका.

चुका मोजताना त्या कशा झाल्या तेही समोरच्याला विचारा. घोंघाट गाळणारी स्वस्त चिप बोलणं दोन प्रकारे बिघडवते. एक, आवाज बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा होतो: घोंघाट जातो, पण त्याच्याबरोबर बोलण्यातली धारही जाते. दोन, बोलण्याची सुरुवात गिळली जाते. तुम्ही तीन सेकंद गप्प राहून ‘अठ्ठावन्न’ म्हणता आणि पलीकडे ‘ठावन्न’ पोहोचतं. म्हणून काही आकडे मुद्दाम थांबून, काही हळू आवाजात वाचा. मऊ आवाजाच्या माणसांना हा दुसरा दोष फार छळतो: चिप त्यांचं बोलणंच घोंघाट समजून कापून टाकते. घरातल्या ज्या माणसासाठी बड घेताय, त्याच्याच आवाजात ही चाचणी करा.

वाऱ्याची वेगळी परीक्षा हवी. टेबल फॅन मधल्या वेगावर ठेवून त्याच्यासमोर, तीन-चार फुटांवर, कान त्याच्याकडे करून उभे राहा, म्हणजे वारा थेट बडवर येईल. माइकच्या भोकावर वारा आपटला की जो खरखराट होतो, तो गाळणं महागड्या बड्सनाही जड जातं. लोकलच्या दारात किंवा एसटीच्या खिडकीशी बसून बोलायची सवय असेल तर ही फेरी तुमच्यासाठी निर्णायक आहे.

डावा आणि उजवा बड वेगवेगळा तपासा. बरेच जण एकच बड लावून बोलतात, दुसरा केसमध्ये चार्ज होत राहतो. काही जोड्यांमध्ये एका बडचा माइक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट मंद निघतो. तो उत्पादनातला दोष आहे, बदलून घ्या.

रचनेबद्दल माझं मत: कॉल हेच मुख्य काम असेल तर खाली दांडी असलेला बड बघा. दांडीमुळे माइक तोंडाच्या जरा जवळ येतो आणि दोन माइकमध्ये अंतर मिळतं. बोलणं कुठून येतंय आणि घोंघाट कुठून, हे ओळखायला चिपला त्या अंतराचा उपयोग होतो. गोल, बटणासारखे बड कानात छान दिसतात, झोपून ऐकायला सोयीचे पडतात, पण स्वस्तातल्या गोल बड्सचे कॉल सहसा मागे पडतात.

शेवटी स्वतःच्या आवाजाकडे लक्ष द्या. कान घट्ट बंद झाला की आपलंच बोलणं डोक्यात घुमतं, आणि आपण किती जोरात बोलतोय याचा अंदाज जातो. बाहेरचा आवाज आत घेणारा ‘ट्रान्सपरन्सी’ मोड असेल तर कॉल करताना तो चालू करून बघा. मोड नसेल आणि घुमणं सहन होत नसेल, तर अर्धवट बसणारा बड तुम्हाला जास्त मानवेल.

लॅपटॉपवरची मीटिंग

लॅपटॉपवर बड जोडून गाणं चालू असताना मीटिंग सुरू केली की आवाज एकाएकी पत्र्याच्या डब्यातून यावा तसा होतो. बड बिघडलेला नसतो. गाणी ऐकताना ब्लूटूथ आपली सगळी जागा एकाच दिशेला, दर्जेदार आवाजासाठी वापरतं. माइक चालू झाला की ते दोन्ही दिशांच्या बोलण्याच्या मोडमध्ये जातं, आणि त्या मोडमध्ये आवाजाचा पट्टा अरुंद असतो. खोक्यावरचा एलडॅक किंवा दुसरा भारी कोडेक (ब्लूटूथवरून पाठवण्यासाठी आवाज आटोपशीर करायची पद्धत) कॉलमध्ये कामाला येत नाही, तोही याचमुळे.

यावरचा उपाय फुकट आहे. मीटिंगच्या ॲपच्या ऑडिओ सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून बड्स निवडा आणि माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक. शांत खोलीत बसला असाल तर समोरच्याला तुम्ही जास्त स्वच्छ ऐकू येता आणि तुम्हालाही त्यांचा आवाज भरदार मिळतो. घरून काम करणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा करून बघावं.

फोन आणि लॅपटॉप दोन्हींना एकाच वेळी जोडलेलं राहण्याच्या सोयीला मल्टिपॉइंट म्हणतात. दोन हजारांच्या आत ती आता काही बड्समध्ये मिळते. लॅपटॉपवर व्हिडिओ चालू ठेवून दुसऱ्या फोनवरून कॉल करा. बड आपोआप कॉलकडे वळला आणि कॉल संपल्यावर परत आला, तर सोय खरी आहे. अनेक बड्समध्ये मल्टिपॉइंट चालू केलं की एलडॅक बंद होतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

गाणी: पाठ असलेलीच लावा

कंपनीच्या डेमोमधलं किंवा दुकानदाराने निवडलेलं गाणं ऐकून काही ठरवू नका. वर्षानुवर्षं ऐकलेली, प्रत्येक जागा माहीत असलेली चार-पाच ध्वनिमुद्रणं घ्या. स्ट्रीमिंग ॲपमध्ये आवाजाचा दर्जा सर्वात वरचा निवडा, बडच्या ॲपमधले सगळे ‘बेस बूस्ट’ बंद करा.

आपल्याकडचं संगीत बड पारखायला फार चांगलं आहे. संथ ख्यालात मागे तानपुरा चालू असतो. प्रत्येक तार छेडल्यावर स्वर फुलतो आणि हळूहळू विरतो. वाईट बडमध्ये तो एकसलग गुणगुणीसारखा लागतो, चांगल्यात चारही तारा वेगळ्या कळतात. तबल्यात डग्ग्याची मींड ऐका: तळहाताने दाबत नेलेला घुमारा वर चढताना कळला पाहिजे. नुसतं ‘धम्’ ऐकू येत असेल तर बेस फुगवलेला आहे. स्वस्त बड्सचा हा नेहमीचा दोष, डग्गा गायकाच्या अंगावर येतो आणि शब्द मागे जातात. अभंगातले टाळ वरच्या पट्टीसाठी. ते खणखणीत आणि वेगवेगळे वाजायला हवेत. चुरचुरीत, तुटक वाटले किंवा दहा मिनिटांत कान शिणला तर वरची पट्टी टोकदार आहे. लावणीतल्या ढोलकीची थाप झटकन वाजून झटकन थांबते का ते बघा. स्त्रीस्वरातले ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचत असतील तर एक खूण करून ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐका.

एक जुनं, मोनो काळातलं (दोन्ही कानांत एकच आवाज असलेलं) भावगीतही हवंच. मोनोमध्ये आवाज डोक्याच्या बरोबर मधोमध यायला हवा. तो एका बाजूला झुकला तर आधी टिप्स तपासा, तरीही झुकला तर दोन बड्सचा आवाज सारखा नाही. गाणं थांबवल्यावर शांतता आहे की बारीक ‘स्स्’ ऐकू येतो, तेही बघा.

दोन बड्सची तुलना करत असाल तर आवाजाची पातळी सारखी करून घ्या. जो किंचित मोठा वाजतो तो कानाला चांगला वाटतो, हे प्रत्येकाच्या बाबतीत घडतं.

कोडेकबद्दल थोडक्यात. एसबीसी सगळ्या बड्समध्ये असतो आणि तो वाईट नाही. आयफोन एसबीसी आणि एएसी एवढेच वापरतो, त्यामुळे आयफोनवाल्यांनी एलडॅकसाठी जास्त पैसे देऊ नयेत. अँड्रॉइडमध्ये एलडॅक ८.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून आहे. तो ३३०, ६६० किंवा ९९० केबीपीएसने आवाज पाठवतो, बॅटरी जास्त खातो, आणि गर्दीत सर्वात वरच्या वेगावर तुटू शकतो. तुमच्या फोनवर प्रत्यक्ष कोणता कोडेक चालू आहे ते बघायचं असेल तर सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा, ब्लूटूथच्या भागात कोडेकचं नाव दिसतं.

बडच्या ॲपमध्ये इक्वलायझर (खालच्या-वरच्या पट्टीतला आवाज वेगवेगळा कमी-जास्त करायची सोय) असेल तर पट्ट्या वर ओढण्याऐवजी खाली आणा. १०० ते २५० हर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल कमी केले की गायकाचा आवाज बऱ्याचदा लगेच पुढे येतो.

एएनसी असेल तर

एएनसी सलग, खालच्या पट्टीतला आवाज चांगला कापतं: पंखा, एसी, बसचं इंजिन. माणसांचं बोलणं, हॉर्न, भांड्यांचा खणखणाट ते फारसं कापत नाही, तिथे टिपच काम करते. ‘३२ डेसिबल’सारखा आकडा एखाद्या ठरावीक कंपनसंख्येवरचा सर्वोत्तम असतो. बसमध्ये बसून, गाणं न लावता, एएनसी चालू-बंद करा. फरक लगेच जाणवायला हवा. चालू केल्यावर कानात दाब आल्यासारखं वाटत असेल किंवा नवीच सळसळ येत असेल, तर ते एएनसी नसलेलं बरं. हजार-बाराशेच्या बडमध्ये एएनसीसाठी हट्ट धरू नका. तेवढ्या पैशांत चांगला माइक आणि चांगली टिप मिळाली तर जास्त मिळालं.

कनेक्शन, बॅटरी आणि केस

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि शरीरातलं पाणी या लहरी शोषतं. म्हणून फोन पँटच्या मागच्या खिशात ठेवून चालत फिरा, मग सॅकमध्ये ठेवून, मग गर्दीच्या स्टेशनवर. खोलीत टेबलावर फोन ठेवून कनेक्शन कधीच तुटत नाही, त्यावरून काही कळत नाही.

चित्र आणि आवाज यांचा मेळ व्हिडिओ ॲप्स बहुधा स्वतःच सांभाळतात. उशीर कळतो तो गेममध्ये. गोळी झाडल्यावर आवाज मागून येत असेल तर ‘गेमिंग मोड’ चालू करून बघा, फरक पडला नाही तर तो मोड नावापुरता आहे.

बॅटरीसाठी बड्स पूर्ण चार्ज करून अर्ध्याहून थोड्या जास्त आवाजावर संपेपर्यंत वाजवा. दोन्ही बड साधारण एकाच वेळी बंद पडले पाहिजेत. एक तासभर आधी संपत असेल तर त्याची बॅटरी कमजोर आहे, आणि ती काळाबरोबर आणखी घसरणार. या किमतीत बॅटरी बदलून मिळत नाही, म्हणून हे मुदतीतच बघा.

केसकडे कोणी बघत नाही, आणि बिघाड बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो. झाकण बंद केल्यावर दोन्ही बड फोनवरून डिस्कनेक्ट होतात का? केस उलटी करून हलवल्यावर आत बड हलतात का? हलत असतील तर पिनांशी संपर्क सुटतो आणि सकाळी एक बड रिकामा सापडतो. आणखी एक चाचणी जरूर करा: दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने केस चार्ज होते का. काही स्वस्त केसमध्ये त्यासाठी लागणारे रेझिस्टर बसवलेले नसतात, मग त्या फक्त जुन्या चौकोनी यूएसबीच्या केबलनेच चार्ज होतात. नव्या फोनचा चार्जर घेऊन प्रवासाला निघालेल्या माणसाला हे वाटेत कळू नये.

वापर सुरू झाल्यावर पिना आणि जाळी आठवड्यातून एकदा कोरड्या कापसाच्या काडीने पुसा. ‘डावा बड चार्ज होत नाही’ ही तक्रार कित्येकदा एवढ्याने जाते.

कान जपा

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा आहे, मुलांसाठी ७५ डेसिबल. दर ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो. बसमध्ये शब्द कळावेत म्हणून आवाज ऐंशी-नव्वद टक्क्यांवर न्यावा लागत असेल, तर आधी टिप बदला. टिप बदलूनही भागत नसेल तर तो बड प्रवासासाठी नाही. दुचाकीवर किंवा रूळ ओलांडताना बड कानात नकोतच. पावसाळ्यात ओल्या कानात बड घालून तासन्‌तास राहू नका, आतल्या दमटपणात बुरशीचा संसर्ग होतो.

ठेवायचा की परत करायचा

अंकांचा कागद समोर घ्या. शांत खोलीत किंवा पंख्याखाली फोनपेक्षा बडने स्पष्टपणे जास्त चुका केल्या असतील आणि तुमचं काम बोलण्याचं असेल, तर गाणी कितीही गोड वाजोत, परत करा. फुगलेला बेस इक्वलायझरने खाली आणता येतो, टिप बदलता येते, पण माइकचा दोष फर्मवेअरच्या (बडमधल्या सॉफ्टवेअरच्या) अपडेटने सुटेल अशी आशा धरून मुदत घालवू नका. कॉल चांगले आणि गाणी ठीकठाक असतील तर ठेवा. फक्त गाण्यांसाठी घेत असाल तर अंकांची चाचणी शांत खोलीपुरती पुरे, तानपुरा आणि डग्ग्याला जास्त वेळ द्या. कानात दुखत असेल तर बाकी निकाल बघायचीच गरज नाही.

ठेवायचं ठरलं की त्याच दिवशी बिलाचा आणि केसवरच्या सिरियल नंबरचा फोटो काढून स्वतःला ईमेल करा, थर्मल कागदावरचं बिल काही महिन्यांत पुसट होतं. कंपनीच्या साइटवर वॉरंटी नोंदवा. तुमच्या गावाजवळ सर्व्हिस सेंटर आहे की वस्तू कुरिअरने पाठवावी लागते, आणि एकच बड हरवला तर तो सुटा मिळतो का, हे ग्राहक सेवेला फोन करून विचारून घ्या. दोष असूनही विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रार नोंदवताना अंकांच्या कागदाचा फोटो जोडा, म्हणजे कोणत्या तारखेला, कोणत्या बडमध्ये, काय चुकलं हे तोंडी समजावत बसावं लागत नाही.